दुधातला जिवाणू ओळखून देणारी सेवा: सोलापुरातील एका पशुवैद्यकीय प्रयोगशाळेचा वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षभरात मी माझ्या गोठ्यातील गाईंचे दूध सोलापूर शहरातील एका खासगी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत तीन वेळा जिवाणू-तपासणीसाठी दिले, त्या सेवेविषयीचा हा अभिप्राय आहे. प्रयोगशाळेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्यांचा निवाडा जाहीरपणे करण्याचा माझा उद्देश नाही. कासदाहाने, म्हणजे कासेच्या जंतुसंसर्गाने, त्रासलेल्या दूध उत्पादकाने अशा सेवेवर पैसे खर्च करावेत की नाही, आणि करायचे ठरवले तर काय मागून घ्यावे, एवढेच मला सांगायचे आहे.

गोठा उत्तर सोलापूर तालुक्यात आहे. १४ संकरित गाई आणि घरच्या दुधासाठी दोन पंढरपुरी म्हशी, असा पसारा. मागील फाल्गुनात एका गाईची मागची उजवी बाजू सकाळी धारेच्या वेळी हाताला दगडासारखी लागली आणि सडातून दुधाऐवजी पिवळसर पाणी व गुठळ्या आल्या. आमच्याकडे या रोगाला सरळ दगडी म्हणतात, आणि ज्याने ती कास एकदा दाबून पाहिली आहे त्याला या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. डॉक्टरांनी सडात औषधाच्या ट्यूब सोडल्या, ताप उतरला. रोज १४ लिटर देणाऱ्या त्या गाईचे सहा दिवसांचे दूध उकिरड्याशेजारच्या खड्ड्यात ओतावे लागले. महिन्याच्या आत दुसरी गाय, मग तिसरी. संकलन केंद्रावर दुधाची डिग्री, म्हणजे लॅक्टोमीटरवरचा आकडा, घसरू लागली, तेव्हा डॉक्टरांनीच सांगितले की आता अंदाजाने ट्यूब सोडत बसण्यात अर्थ नाही, कोणता जिवाणू आहे ते एकदा पाहून घ्या.

प्रयोगशाळा एका व्यापारी संकुलाच्या पहिल्या मजल्यावर आहे. खाली औषधांची दुकाने, जिन्यात कुत्र्या-मांजरांना घेऊन बसलेली माणसे, आणि त्यांच्यामधून थर्माकोलचा डबा सांभाळत वर जाणारे माझ्यासारखे दोन-चार जण. तिथला माझा पहिला अनुभव चांगला होता. काउंटरवरील बाईंनी आधी विचारले, ‘‘गाईला औषध चालू आहे का?’’ हो म्हटल्यावर त्यांनी नमुना घेतलाच नाही. औषध बंद होऊन किमान दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर जिवाणू असूनही उगवणार नाही आणि तुमचे पैसे वाया जातील, असे स्पष्ट सांगितले. येणारे गिऱ्हाईक परत पाठवणारी सेवा आमच्या धंद्यात क्वचित भेटते, त्यामुळे ही गोष्ट मला विशेष नोंदवावीशी वाटते.

त्यांनी दुसरी चांगली गोष्ट केली ती म्हणजे सगळ्या गाईंच्या सगळ्या सडांचे नमुने मागितले नाहीत. त्याऐवजी चार वाट्यांची प्लास्टिकची पट्टी आणि जांभळट द्रावणाची बाटली विकत दिली. ही कॅलिफोर्निया कासदाह चाचणी. शाल्म आणि नूरलँडर या दोघांनी ती १९५७ मध्ये मांडली आणि तिचे तत्त्व अगदी साधे आहे. कासेत जंतुसंसर्ग झाला की गाईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुधात उतरतात. द्रावणातला साबणासारखा पदार्थ त्या पेशी फोडतो आणि त्यांच्या आतला द्रव्यभाग दुधाला चिकट, बुळबुळीत करतो. प्रत्येक सडाचे थोडेसे दूध आपापल्या वाटीत घ्यायचे, तेवढेच द्रावण घालायचे आणि पट्टी गोल फिरवायची. निरोगी सडाचे दूध पातळच राहते, बिघडलेल्या सडाचे दूध वाटीच्या मध्यभागी अंड्याच्या बलकासारखे गोळा होते. वरून पाहता पांढरेशुभ्र, निर्दोष दिसणारे दूध वाटीत असे गोठताना पहिल्यांदा पाहिले, तेव्हा केंद्रावरची डिग्री का घसरते याचे उत्तर माझ्या हातातच होते. ही पट्टी वर्षभर टिकली आणि बाटली चार महिने पुरली. या अभिप्रायात मी ज्याची बिनशर्त शिफारस करतो अशी ही एकच वस्तू आहे.

त्या वेळी ११ गाई दुधात होत्या. एकीचा एक सड पूर्वीच बंद पडलेला, म्हणजे ४३ सड. त्यांपैकी सहा गाईंचे नऊ सड चाचणीत चिकट निघाले आणि त्या नऊ सडांचे नमुने मी स्वतः घेऊन गेलो.

इथे पहिली तक्रार. नऊपैकी चार नमुन्यांवर ‘दूषित’ असा शेरा आला. एकाच नमुन्यात तीन किंवा अधिक जातींचे जिवाणू उगवले, तर ते कासेतले नसून बाहेरून, म्हणजे हातावरून, सडाच्या कातडीवरून किंवा शेणाच्या शिंतोड्यातून आले आहेत असे धरतात. ते शास्त्राला धरूनच आहे. परंतु नमुना कसा घ्यावा याची सूचना मला इंग्रजीत छापलेल्या एका कागदावर मिळाली होती, ती समजली की नाही हे कोणी विचारले नव्हते, आणि पुन्हा नमुने देताना चारही नमुन्यांचे निम्मे शुल्क मात्र आकारले गेले. एका नमुन्याला जिवाणू ओळख आणि औषध-संवेदनशीलता (जिवाणूला कोणते औषध लागू पडते ती तपासणी) धरून ६०० रुपये, म्हणजे नऊचे ५,४०० झालेच होते. वर १,२०० रुपये गेले. शुल्क नाममात्र असते तर मी लिहिलेही नसते, पण सोलापूरसारख्या ठिकाणी, जिथे गाईचा धनी मराठी, कानडी नाहीतर तेलुगू बोलतो, तिथे नमुना घेण्याची कृती इंग्रजीत देणे म्हणजे चूक होण्याची तजवीज करून ठेवण्यासारखे आहे.

ते चार नमुने पुन्हा घ्यायला त्यांचा तंत्रज्ञ घरी आला. अक्कलकोटकडचा तरुण; गाईशी सतत कानडीत बोलत होता आणि आमची सर्वांत लाथाळ गायही त्याच्यासमोर मुकाट उभी राहिली. त्याने जे केले ते मी इथे सविस्तर लिहितो, कारण या सेवेचा निम्मा कस नमुन्यातच असतो. सड धुऊन पूर्ण कोरडे केले. ओल्या सडावरून ओघळणारे पाणीच नमुना बिघडवते. मग स्पिरिटच्या बोळ्याने सडाचे टोक, बोळा पांढरा निघेपर्यंत, पुसले. प्रत्येक सडाला वेगळा बोळा. पुसताना पलीकडचे दोन सड आधी आणि अलीकडचे नंतर, पण दूध घेताना मात्र उलट, अलीकडचे आधी आणि पलीकडचे नंतर, म्हणजे स्वच्छ केलेल्या सडाला बाही लागत नाही. पहिल्या तीन-चार धारा सोडून दिल्या. नळीचे झाकण करंगळीत धरले, त्याची आतली बाजू खाली. नळी आडवी, तोंड वर नाही, कारण उघड्या नळीत कासेवरचा केस किंवा धूळ पडते. दोन-तीन मिलिलिटर दूध, झाकण, चिठ्ठी, बर्फ. मी घेतलेल्या नमुन्यांत चुकलेली जागा तिथेच लक्षात आली: नळी मी देवापुढे तांब्या धरावा तशी सरळ धरली होती.

बर्फाबद्दलही एक वाक्य लिहिले पाहिजे. आमच्याकडे चैत्रात पारा चाळिशी ओलांडतो आणि एसटीच्या टपावर नाहीतर दुचाकीच्या डिकीत ठेवलेले दूध तासाभरात आंबू लागते. त्या नमुन्यात मग कासेतला जिवाणू कोणता आणि वाटेत वाढलेला कोणता हे कोणालाच सांगता येत नाही.

अहवाल चौथ्या दिवशी मिळाला. तो घेताना मी जिवाणू उगवलेल्या थाळ्या पाहू का असे विचारले आणि प्रयोगशाळेतील डॉक्टरांनी वेळ काढून त्या दाखवल्या, याबद्दल त्यांचे आभार मानतो. मेंढीचे रक्त मिसळलेल्या लाल थाळीवर मोहरीपेक्षा लहान, फिकट सोनेरी ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याभोवती रक्त विरघळून पडलेले स्वच्छ कडे, त्याच्याही बाहेर एक पुसट कडे. हा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. खात्रीसाठी त्यांनी सशाच्या रक्तद्रवात तो जिवाणू टाकून ठेवला होता. विरजण लागावे तसा तो द्रव नळीत थिजला होता आणि नळी तिरकी केली तरी हलत नव्हता. दुसऱ्या एका थाळीवर गुलाबी ठिपके होते, तो ई. कोलाय. हिशेब असा झाला: तीन गाईंच्या पाच सडांत ऑरियस, एका सडात ई. कोलाय, एका सडात कातडीवर राहणारा सौम्य जातीचा स्टॅफिलोकॉकस आणि उरलेल्या दोन सडांत काहीच नाही.

हे नऊ ओळींचे उत्तर हाच या सेवेचा खरा माल आहे. मात्र प्रयोगशाळा तो माल ज्या वेष्टनात देते ते चुकीचे आहे, असे माझे मत झाले आहे.

अहवालाच्या दोन पानांपैकी दीड पान औषधांच्या तक्त्याने भरलेले होते: कोणत्या प्रतिजैविकाच्या चकतीभोवती जिवाणू उगवला नाही, कोणत्या चकतीला त्याने दाद दिली नाही. जिवाणूचे नाव वर एका ओळीत. हा कागद हातात पडला की शेतकरी काय करतो? औषधाच्या दुकानात जातो आणि तक्त्यातले पहिले नाव मागतो. मीही तेच करणार होतो. परंतु थाळीवर चकतीपुढे हार मानणारा ऑरियस कासेत हार मानेलच असे नाही. तो दूध तयार करणाऱ्या पेशींच्या आत शिरतो, जुन्या दुखण्यात भोवती घट्ट तंतूंची भिंत होऊन त्याचे बारीक गळू बनतात, आणि सडातून सोडलेले औषध तिथपर्यंत पोहोचत नाही. चौथ्या-पाचव्या वेताच्या गाईत, एकाहून अधिक सडांत आणि अनेक महिने मुरलेला ऑरियस बरा होण्याची शक्यता कमी असते. ही गोष्ट मला अहवालाने सांगितली नाही, आमच्या गावच्या डॉक्टरांनी सांगितली.

त्याहून मोठी गोष्टही अहवालात नव्हती, ती म्हणजे जिवाणूच्या नावावरून त्याची वाट कळते. ऑरियस बहुतांशी एका गाईच्या कासेतून दुसरीच्या कासेत जातो आणि धार काढतानाच जातो. हात, फडके, यंत्राची नळी ही त्याची वाहने. ई. कोलाय शेणात, ओल्या जमिनीत, गव्हाणीशेजारच्या चिखलात असतो आणि दोन धारांच्या मधल्या वेळेत गाय खाली बसली की सडाच्या उघड्या तोंडातून वर चढतो. एका रोगाचा इलाज धार काढणाऱ्याच्या हातात, दुसऱ्याचा झाडूत. ज्याच्या गोठ्यात ऑरियस आहे त्याने दिवसातून तीनदा शेण भरले तरी उपयोग नाही, आणि ज्याच्याकडे ई. कोलाय आहे त्याने हातमोजे घालून काही साधणार नाही.

हा फरक कोणाच्या अनुमानाने ठरलेला नाही. निरोगी गाईंच्या कासेत मोजून जिवाणू सोडून तो पाहिलेला आहे. ई. कोलायच्या प्रयोगांत काही शेकडा जिवाणूंएवढी क्षुल्लक मात्राही सडातून आत सोडली की बारा ते चोवीस तासांत कास सुजते, गाईला ताप भरतो, दुधातल्या पेशी प्रचंड वाढतात आणि बऱ्याच गाई काही दिवसांत तो जिवाणू स्वतःच निपटून काढतात. म्हणूनच माझ्या दोन सडांत पेशी होत्या पण जिवाणू उगवला नाही, याचे एक स्पष्टीकरण असे की लढाई संपलेली होती आणि फक्त सैन्य परतायचे होते. दुसरे असे की ऑरियस दुधात सतत उतरत नाही, एखाद्या दिवशी तो सापडत नाही, म्हणून एका नकारावर विसंबू नये. ऑरियसच्या प्रयोगांसाठी जगभर जो वाण सर्वाधिक वापरला गेला, कॅनडातील एका गाईच्या कासेतून मिळालेला न्यूबोल्ड ३०५, तो नेमका उलट वागतो: आत सोडल्यावर गाय फारशी आजारी दिसत नाही, चारा खाते, रवंथ करते आणि जिवाणू मात्र आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतो. गोठ्यात हीच गाय जास्त घातक, कारण तिच्यावर संशय कोणी घेत नाही. निरोगी जनावराला हेतुपुरस्सर आजारी पाडणे वाचायला बरे वाटत नाही, हे मी मान्य करतो; पण माझ्या गोठ्यातही हाच प्रयोग रोज दोन वेळा चालू होता आणि त्याची नोंद कोणी ठेवत नव्हते, एवढाच काय तो फरक.

तो प्रयोग मी अहवाल हातात आल्यानंतरच्या संध्याकाळी पाहिला. आमच्याकडे धारा काढायला एक वयस्कर गृहस्थ येतात, त्यांना आम्ही मामा म्हणतो. गोठ्यात धार काढताना मी शेकडो वेळा उभा राहिलो असेन, पण त्या दिवशी फक्त त्यांच्या बोटांकडे पाहत राहिलो. सड कोरडा लागला की मामा उजव्या हाताची दोन बोटे बादलीतल्या फेसात बुडवत, सड ओला करत आणि अंगठा मुडपून धार ओढत. पहिली गाय झाली की तेच फडके बादलीतल्या त्याच पाण्यात पिळून दुसरीच्या कासेला. माझ्या तीन ऑरियसवाल्या गाई दावणीला तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या होत्या. मी हळूच विषय काढला, तेव्हा मामा दुखावले. ‘‘अण्णा, चाळीस वर्सं झाली धारा काढतोय, माझ्या हातानं कुणाची कास नासली न्हाई,’’ ते म्हणाले. मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात ती चार वाट्यांची पट्टी दिली आणि दावणीच्या क्रमाने सगळ्या गाई त्यांनाच तपासायला सांगितल्या. तिसऱ्या गाईपाशी वाटीतला गोळा पाहून ते काही बोलले नाहीत. बादलीतले पाणी मात्र त्यांनी स्वतः ओतून दिले.

त्यानंतर जे बदल केले त्यांचा खर्च प्रयोगशाळेच्या बिलापुढे किरकोळ होता. टॉवेलच्या कारखान्यांतून निघणारे तुकडे सोलापुरात किलोवर मिळतात. त्यांतून दोन डझनांहून अधिक फडकी केली, एका गाईला एक, आणि वापरलेली सगळी उकळत्या पाण्यात. अंगठा मुडपून धार काढणे बंद, मुठीने काढणे सुरू. याला मामांना तीन आठवडे लागले. पहिलारू गाई आधी, निरोगी गाई नंतर, ऑरियसवाल्या तीन सर्वांत शेवटी. हे लिहायला सोपे आहे, पण गाईंना आपला क्रम आणि आपली पेंड पाठ असते, त्यामुळे पहिला पंधरवडा गोठ्यात हंबरडाच होता. धार संपल्यावर प्रत्येक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवणे आणि लगेच गव्हाणीत वैरण टाकणे, म्हणजे गाय उभी राहते. सडाचे तोंड धारेनंतर अर्धा तास ते दोन तास पुरते मिटलेले नसते. एवढा वेळ ती खाली बसली नाही तर ई. कोलायचाही मार्ग अडतो.

सड बुडवण्याच्या द्रावणाविषयी थोडे सांगतो, कारण प्रयोगशाळेच्या काउंटरवर तेही विकायला असते. धारेनंतर सड बुडवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेत १९६०च्या दशकात झालेल्या मोठ्या कळप-प्रयोगांतून रूढ झाली. त्यांनी हातमोजे, वेगवेगळी फडकी, यंत्राच्या कपांना उष्णता देणे असे सगळे उपाय एका बाजूला आणि थोडेच उपाय दुसऱ्या बाजूला ठेवून पाहिले. निष्कर्ष असा की नवीन संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आणण्याचे काम मुख्यतः साध्या उपायांनीच होते आणि त्यांत सड बुडवण्याचा वाटा मोठा आहे. कोणतेही द्रावण खरोखर चालते की नाही हे तपासण्याची रीतही मला फार आवडली: धार झाल्यावर गाईचे चारही सड जिवाणू कालवलेल्या पाण्यात मुद्दाम बुडवायचे, मग दोनच सड औषधात बुडवायचे आणि दोन तसेच सोडायचे. गाय तीच, चारा तोच, माणूस तोच. फरक फक्त औषधाचा, त्यामुळे कोणाला सबब सांगता येत नाही. काउंटरवर दोन बाटल्या होत्या, एक स्वस्त आणि एक महाग. स्वस्त बाटलीवर आयोडीन किती टक्के आहे हेच छापलेले नव्हते. अर्धा ते एक टक्का आयोडीन आणि सड फुटू नयेत म्हणून ग्लिसरीन, एवढे तरी लेबलावर असायला हवे. प्रयोगशाळेने अशी बाटली विक्रीस ठेवू नये, ही माझी दुसरी तक्रार.

तिसरी तक्रार ब्रुसेलाच्या तपासणीची आहे आणि ती थोडक्यात आटोपतो. दुसऱ्या फेरीच्या वेळी मी एका कालवडीचे रक्त सांसर्गिक गर्भपाताच्या चाचणीसाठी दिले आणि रोझ बंगाल चाचणी ‘होकारार्थी’ आली. हा रोग एका गाईकडून दुसरीकडे जातो हे डेन्मार्कच्या बांग यांनी १८९७ मध्येच गाभण गाईंना जिवाणू टोचून, त्या गाभडल्यावर, दाखवून दिले होते, आणि तो माणसालाही होतो, म्हणून घरात दोन रात्री कोणाला झोप नव्हती. कालवडीला सहाव्या महिन्यात एस-१९ ही लस दिलेली होती. चार ते आठ महिन्यांच्या माद्यांना ती एकदाच देतात आणि तिच्यामुळे काही महिने हीच चाचणी होकारार्थी येऊ शकते. कालवड त्या वेळी दहा महिन्यांची होती. लस दिली आहे का, हा एक प्रश्न काउंटरवर विचारला असता तर दोन रात्री वाचल्या असत्या. पहिल्या दिवशी औषध चालू आहे का हे इतक्या काळजीने विचारणाऱ्या ठिकाणी हा प्रश्न राहून जावा, याचे मला आश्चर्य वाटले. कालवड मोठी झाल्यावर केलेली चाचणी नकारार्थी आली.

आता त्या तीन गाईंचे. एकीचे दुखणे नवे होते. ती भाकड काळात औषध भरून ठेवल्यावर व्यायली तेव्हा स्वच्छ निघाली. दुसरीचा एक सड डॉक्टरांच्या सल्ल्याने कायमचा बंद केला. तिसरी, पाचव्या वेताची, हिच्याबद्दल मला सर्वांकडून एकच सल्ला मिळाला: सांगोल्याच्या बाजारात उभी कर, कास भरलेली दिसते, पैसे होतील. एका व्यापाऱ्याने तर घरी येऊन आकडाही सांगितला. त्याला मी अहवाल दाखवला तेव्हा तो म्हणाला की बाजारात कागद कोण बघतो. खरे आहे, आणि माझ्या गोठ्यात हा जिवाणू कुठून आला याचे उत्तरही बहुधा त्याच वाक्यात आहे, कारण दावणीतली चौथी गाय मी दोन वर्षांपूर्वी बाजारातूनच, भरलेली कास पाहून आणली होती. ही पाचव्या वेताची गाय आमच्याकडेच आहे, सर्वांत शेवटी पिळली जाते आणि तिच्या त्या सडांचे दूध वासरांनाही पाजत नाही. कालवडी एकमेकींचे सड चोखतात, त्या तोंडानेही जिवाणू पसरण्याची भीती असते.

खासगी प्रयोगशाळेतच जावे असे माझे म्हणणे नाही. पशुरोगांच्या निदानाची सरकारी व्यवस्था राज्यात आहे. पुण्यात औंधला पशुरोग अन्वेषणाची मोठी प्रयोगशाळा आहे आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत नमुने पाठवता येतात. पुण्याचा या विषयाशी संबंध जुनाच. देशातली पशुरोगांची जिवाणू प्रयोगशाळा १८८९ मध्ये तिथेच सुरू झाली आणि असे जंतू भरवस्तीत नकोत म्हणून १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलवली गेली. एकाएकी गर्भपात होऊ लागले, जनावरे पटापट मरू लागली किंवा मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून काळे रक्त आले, तर खासगी दुकानाच्या जिन्यात न जाता आधी सरकारी डॉक्टरांना बोलवावे. फाशीच्या (अँथ्रॅक्स रोगाच्या) संशयात तर जनावर फाडूही नये. दगडीच्या दुधाचा प्रश्न वेगळा आहे. त्यात चार दिवसांत मिळणारे उत्तर आणि नमुना ताजा असतानाच थाळीवर जाणे याला किंमत आहे, आणि ती किंमत या प्रयोगशाळेने माझ्या बाबतीत तीनही वेळा वसूल करून दिली.

दुसरी फेरी तीन महिन्यांनी झाली: पट्टीवर पाच सड चिकट, त्यांपैकी दोनांत ऑरियस, दोन्ही जुनेच. तिसऱ्या फेरीत, गेल्या महिन्यात, ऑरियस एकाच सडात निघाला, त्याच पाचव्या वेताच्या गाईच्या. नवीन सड एकही नाही. या दोन फेऱ्यांना मी औषध-संवेदनशीलता घेतली नाही, फक्त जिवाणूची ओळख घेतली; ३५० रुपयांत काम झाले आणि अहवाल अर्ध्या पानाचा आला.

पाचपैकी गुण द्यायचे तर तपासणीला साडेचार, अहवालाला दोन, काउंटरवरील बाईंना पाच आणि त्या इंग्रजी कागदाला शून्य. जाणाऱ्याने आधी पट्टीची बाटली घ्यावी, चिकट निघालेल्या सडांचेच नमुने द्यावेत, पहिल्या खेपेला तंत्रज्ञाला घरी बोलवावे आणि थाळ्या पाहायला मागाव्यात. नाही म्हणत नाहीत. मामांनी मागच्या आठवड्यात विचारले की पुढच्या खेपेला नमुने आपणच घेतले तर चालतील का. नळ्या आणून ठेवल्या आहेत, बर्फाचा डबा धुऊन माळ्यावर पालथा घातला आहे.